मांडवीची जुनी मशीद आणि आपला मोहल्ला

(शब्बाथ सुटल्यानंतर आपल्या मशिदीच्या सभागृहात दिलेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



गेल्या हिवाळ्यात माझा नातू मुंबईला जाऊन आला. सैन्यातील सेवा संपली की इकडची मुले पाठीवर पिशवी टाकून हिंदुस्थानात जातात, तसाच तोही गेला. फरक एवढाच, की गोवा आणि मनाली यांच्या आधी त्याच्या आजीने त्याला मांडवीस पाठविले होते. रेल्वेच्या फलाटावरून त्याने मला फोन केला. म्हणाला, "सबा, इथल्या पाटीवर मस्जिद असे लिहिले आहे. तुम्ही तर म्हणाला होता की हे स्टेशन आपल्या सिनेगॉगच्या नावाचे आहे. मी बरोबर ठिकाणी उतरलो ना?"

बरोबर उतरलास, एवढेच मी त्याला सांगितले. फलाटावरच्या गर्दीत याहून अधिक सांगता येण्यासारखे नव्हते. राहिलेले उत्तर आज आपल्यापुढे ठेवतो, कारण असाच प्रश्न आपल्यातील बहुतेकांच्या नातवंडांनी विचारला असेल.

येथे जन्मलेल्या मुलांना 'मशीद' हा शब्द चमत्कारिक वाटतो. आपल्या आयाबहिणी आजही "मशिदीत जाऊन येते" असे सहज म्हणतात आणि मुले एकमेकांकडे पाहतात. कोकणात आपण तेलाचे घाणे चालवीत होतो, शनवार तेली म्हणून ओळखले जात होतो, तेव्हा प्रार्थनेसाठी वेगळी वास्तू आपल्यापाशी नव्हती. शमा म्हणायची ती घरात, नवस फेडायचा तो घरात, मलिदा करायचा तोही घरात. मुंबईत पहिली वास्तू उभी राहिली तेव्हा तिला आपल्या मराठीत काय म्हणायचे, हे ठरवावे लागले. शेजारचा मुसलमान मूर्तीवाचून एका देवापुढे ज्या जागी नमतो तिला मशीद म्हणतात. आपल्या वाडवडिलांनी तोच शब्द घेतला, आणि त्यात कुणालाही काही वावगे वाटले नाही. पुढे दुसरी वास्तू झाली तेव्हा पहिली 'जुनी मशीद' आणि दुसरी 'नवी मशीद' झाली. बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग १८५३ साली सुरू झाला. त्याच मार्गावर मांडवीच्या अंगाला पुढे जे स्टेशन झाले त्याला मशीद हे नाव मिळाले. आसपास मुसलमानांच्याही जुन्या मशिदी आहेत, त्यामुळे या नावावरून वाद घालणारे भेटतात. तथापि मुंबईवर लिहिणाऱ्या अनेकांनी ते आपल्या जुन्या मशिदीशीच जोडले आहे, आणि मलाही तेच पटते.

ही जुनी मशीद १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधली. इब्री नाव शमुएल येहेझकेल. त्यांच्याच नावाने तो रस्ता सॅम्युअल स्ट्रीट म्हणून आजही ओळखला जातो. दिवेकर मंडळी १७४६ साली कोकणातून मुंबईत आली, अशी नोंद हाईम शमुएल केहिमकर यांनी केली आहे. सामाजी हे कंपनी सरकारच्या पलटणीतील देशी अधिकारी. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते टिपूच्या कैदेत पडले. कैद्यांना त्यांची जात विचारली गेली, त्यांनी "बेने इस्राएल" असे सांगितले, आणि कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ती ही माणसे म्हणून टिपूच्या आईने त्यांना वाचविले. सुटका झाल्यास मशीद बांधीन असा नवस सामाजींनी केला होता. ही कथा आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे.

कथा म्हणून ती मला प्रिय आहे. इतिहास म्हणून मी तिच्यातील एक-दोनच गोष्टी उचलतो. त्या युद्धात आपली माणसे कंपनीच्या बाजूने लढली, हे खरे. कुराणात बनी इस्राईल हे नाव पुनःपुन्हा येते, तेव्हा मुसलमान राजवटीत ते नाव सांगणाऱ्याकडे आपुलकीने पाहिले जाणे स्वाभाविक होते, हेही खरे. परंतु जी गोष्ट कुणी सांगत नाही ती अशी, की ते युद्ध १७८४ मध्ये संपले आणि मशीद १७९६ मध्ये उभी राहिली. मध्ये बारा वर्षे गेली. देशी अधिकाऱ्याच्या पगारातून जागा घेणे, लाकूड घेणे, गवंडी-सुतारांची मजुरी देणे हे काही एका दिवसाचे काम नव्हते. मला त्या सुटकेइतकेच या बारा वर्षांचे अप्रूप वाटते. मशीद झाल्यावर पुढच्याच वर्षी सामाजी कोचीनला गेले. सेफर तोरा आणण्याचा हेतू होता. तेथेच १७९७ मध्ये त्यांचे निधन झाले. आपण बांधलेल्या मशिदीत त्यांना एकच वर्ष मिळाले.

मशिदीसाठी मांडवी का निवडली, याचे उत्तर नकाशात आहे. मांडवी म्हणजे मालाची आणि जकातीची जागा. कोकणातून येणारी गलबते व मचवे मुंबईच्या याच पूर्व किनाऱ्याला लागत. अलिबाग, रेवदंडा, पेण या बाजूची आपली माणसे बंदरावर उतरत आणि उतरल्या जागेपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर बिऱ्हाड करीत. कुणी पलटणीत, कुणी गोदीत सुतार, कुणी गवंडी. इंग्रजांचा किल्ला दक्षिणेला होता. पलीकडे माझगावच्या दिशेला उमरखाडी, जी पूर्वी नावाप्रमाणे खरोखरच खाडी होती. १८०३ साली किल्ल्यात मोठी आग लागली आणि त्यानंतर देशी वस्ती तटाबाहेर झपाट्याने वाढली. मांडवी, डोंगरी, उमरखाडी गजबजली ती त्यानंतर. म्हणजे ज्या दाट वस्तीत ती मशीद आज दडलेली दिसते, त्या वस्तीतील बराच भाग मशिदीच्या नंतरचा आहे.

आता एका गैरसमजाविषयी बोलतो. वडीलधाऱ्यांनी रागावू नये. "ती सगळी गल्ली आपलीच होती," असे आपण मुलांना सांगतो. इस्राएल मोहल्ला हे नाव होते, यात शंका नाही. परंतु जनगणना सुरू झाल्यापासून मुंबईच्या लोकसंख्येत यहुदी शेकडा एकही कधी नव्हते. एका गल्लीत आपली घरे जवळजवळ होती, म्हणून शेजाऱ्यांनी तिला आपले नाव दिले. त्याच सॅम्युअल स्ट्रीटवर खोजांचा जमातखाना. पलीकडे नरशी नाथा स्ट्रीट, जी एका कच्छी जैन व्यापाऱ्याच्या नावाची. कोकणी मुसलमान, मेमन, भाटिये, लोहाणे, आणि मालाची ओझी वाहणारे घाटावरचे मराठे हमाल. या सर्वांच्या मध्ये आपण होतो, आणि बहुतेक सारे भाडेकरू होतो.

याचा पुरावा माझ्या घरी आहे. माझ्या आजोबांच्या बहिणीने, आम्ही त्यांना आत्याआजी म्हणत असू, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भाडेपावत्या जपून ठेवल्या होत्या. त्यांतील तीन उरल्या आहेत. पावत्या गुजरातीत आहेत, कारण घरमालक कच्छी व्यापारी होता. माझ्या पणजोबांच्या नावापुढे आडनाव नाही. तेथे मेहताजीने नुसते "इस्राएल" असे लिहिले आहे. आत्याआजी सांगत, की मालकाचा मेहताजी इतर बिऱ्हाडांचे भाडे शनिवारी गोळा करी, पण आमच्या मजल्यावर शुक्रवारी सकाळीच येऊन जाई. शनिवारी ही माणसे पैशाला हात लावीत नाहीत, हे त्याला कुणी नव्याने सांगावे लागत नसे. तो स्वतः सूर्यास्तानंतर जेवत नसे. आपल्या माणसांना ते ठाऊक होते.

खोली तिसऱ्या मजल्यावर. लाकडी दादर, कठड्याला दोर बांधलेला, कारण एक पायरी पिढ्यान्पिढ्या डुगडुगत होती. मागे मोरी, पुढे सज्जा. नळ खाली चौकात. खालच्या वखारीत मिरची उतरली की तिन्ही मजल्यांवर खोकला सुरू होई. शुक्रवारी दुपारी नारळ खवण्याचा आवाज एका खोलीतून दुसरीत जाई. मटणाला दूध चालत नाही, म्हणून आपला सारा स्वयंपाक नारळाच्या रसावर. आपले सण शेजाऱ्यांना आपल्या मराठी नावांनीच ठाऊक होते. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. तिशा बेआव म्हटले असते तर कुणाला कळले नसते, बिरड्याचा सण म्हटले की खालच्या मजल्यावरची भाटीण "वाल भिजत घातले का?" असे विचारी. १८८० च्या सुमारास आपल्यात मराठी कीर्तने सुरू झाली, अब्राहाम आणि योसेफ यांची आख्याने हरिदासी थाटात रंगू लागली. ऐकायला शेजारीही येऊन बसत, असे घरी सांगत.

या वस्तीने आपल्याला पुन्हा इब्री शिकविली, हेही सांगितले पाहिजे. कोचीनहून आलेले शिक्षक, आणि १८२९ साली मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन, ज्यांनी आपल्यासाठी मराठीतून इब्रीचे व्याकरण लिहिले. विल्सनसाहेबांचा अंतिम हेतू काय होता हे उघड आहे. आपल्या माणसांनी व्याकरण घेतले आणि धर्म आपला ठेवला. १८४० च्या सुमारास मतभेदातून नवी मशीद, शारे रासोन, निघाली. मतभेदांचा तपशील आज उगाळण्यात मला स्वारस्य नाही. १८७५ मध्ये केहिमकरांनी इस्राएली शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा.

येथून पुढे विषयाचा खरा भाग सुरू होतो.

१८९६ साली जुन्या मशिदीला शंभर वर्षे पूर्ण झाली. शताब्दीच्या त्याच वर्षी तिला 'शार हारहमिम', दयेचे द्वार, हे नाव मिळाले. आणि त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात, त्याच मांडवीत, डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी ग्रंथिक संनिपाताचा म्हणजे प्लेगचा पहिला रोगी ओळखला. एवढ्या मोठ्या शहरात तो मांडवीतच आधी दिसला, याला कारण होते. बंदर जवळ, धान्याच्या वखारी जवळ, वखारींत उंदीर, आणि वखारींच्या डोक्यावर आपली बिऱ्हाडे. सरकारी पथके घरोघर फिरू लागली. भिंतींवर कार्बोलिकचे फवारे, कौले काढून छपरे उघडी केलेली, आणि दारांवर रंगविलेली इंग्रजी अक्षरे, की हे घर माणसांनी राहण्यास अयोग्य आहे. लाखो माणसे शहर सोडून गेली. माझे पणजोबाही मुलाबाळांना घेऊन मचव्याने गावी गेले. पणजीने जाताना जात्याची खालची तळी उचलता येईना म्हणून वरचीच बरोबर नेली, ही गोष्ट आमच्या घरी थट्टेने सांगत. ती थट्टेची नव्हती हे मला फार उशिरा कळले.

येथे एक गोष्ट आपल्या मुलांना मुद्दाम सांगावी. या रोगावरील लस मुंबईतच तयार झाली, ग्रँट मेडिकल कॉलेजात, आणि ती करणारा शास्त्रज्ञ ओडेसात जन्मलेला यहुदी होता: वाल्देमार हाफकिन. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना. परळच्या संस्थेला आज त्यांचेच नाव आहे.

१८९८ मध्ये सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्या फोडून त्यांतून रुंद रस्ते काढायचे आणि उत्तरेकडे नव्या वस्त्या वसवायच्या, हे त्याचे काम. सँडहर्स्ट रोड आणि महंमदअली रोड हे त्यातून निघाले. नागपाडा, आग्रीपाडा या बाजूला नव्या चाळी झाल्या. आपली माणसे तिकडे सरकली. ट्रस्टमुळेच सरकली असे मात्र नव्हे. गिरण्या, रेल्वेची वर्कशॉपे, टपाल आणि महापालिकेच्या कचेऱ्या, जिथे नोकरी तिथे घर, ही ओढ त्याआधीच सुरू झाली होती. हे पाहायचे असेल तर आपल्या मशिदींच्या तारखा एका ओळीत मांडून पाहा. १७९६ मांडवी. १८४० च्या सुमारास खडकावरची नवी मशीद. १८७९ ठाणे. १८८६ जेकब सर्कलचे तिफेरेथ इस्राएल. १८८८ उमरखाडीचे एट्झ हाईम. १९०४ आग्रीपाड्याचे मागेन हसिदिम, ज्याची भव्य वास्तू १९३१ साली झाली. भायखळ्याचे मागेन डेव्हिड १८६१ चे, पण ते बगदादी मंडळींचे, त्याची गोष्ट वेगळी. आपली माणसे जेथे गेली तेथे प्रार्थनेची जागा काढीत गेली, आणि मांडवीतील बिऱ्हाडे एकेक करून रिकामी झाली.

आपण नेहमी म्हणतो, की एरेत्झ इस्राएलला आलो आणि मोहल्ला सुटला. तारखा वेगळे सांगतात. माझ्या वडिलांचा जन्म आग्रीपाड्याचा. माझाही. मांडवी आमच्या घरातून इस्राएल राष्ट्र स्थापन होण्याच्या कितीतरी आधी सुटली होती. राहिली होती ती एकट्या आत्याआजीची खोली.

आणि तरीही दरवर्षी दारफाळणीच्या सणाला वडील आम्हांला घेऊन मांडवीलाच जात. मागेन हसिदिम आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. तेथे जागा होती, ओळखीची माणसे होती, हज्जान उत्तम होते. आम्ही त्याच्या दारावरून पुढे जात असू. पहाटे अंधारात निघायचे, म्हणजे वाटेत कुणाचा स्पर्श होत नाही. पांढरे कपडे, पायांत कापडी बूट. आग्रीपाड्याहून नागपाडा, जे. जे. रुग्णालय, भेंडी बाजार, तेथून सँडहर्स्ट रोड ओलांडून सॅम्युअल स्ट्रीट. मी एकदा विचारले, की इतके चालायचे कशाला? वडील म्हणाले, "आपली मशीद ती." मी पुन्हा विचारले नाही. आजोबांच्या नावाची काचेची हंडी तेथे टांगलेली होती. सण लागण्यापूर्वी तिच्यात तेल घालून ती पेटविलेली असे. तेवाच्या डाव्या अंगाला, दारापासून तिसरी. वडील आत शिरताच आधी तिच्याकडे पाहत, मग आपल्या जागी जाऊन उभे राहत.

नइला झाल्यावर आत्याआजीच्या खोलीवर शरबत. मग परत तीच वाट, आता दिव्यांच्या उजेडात. भेंडी बाजारातील एक अत्तरवाला वडिलांना ओळखीत असे. आम्ही जाताना दिसलो की दुकानातूनच विचारी, "रोजा छूट गया, भाईजान?" वडील मान हलवीत. त्या दोघांत याहून अधिक बोलणे झालेले मी ऐकले नाही, पण एकही वर्ष चुकलेले आठवत नाही.

आत्याआजींना ती खोली सोडा म्हणून सारे जण सांगत. विशेषतः १९४४ नंतर. त्या वर्षी १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजाचा स्फोट झाला. दिवस शुक्रवार होता, आणि पंचांग काढून पाहाल तर तो पेसहचा सातवा दिवस, सणाचा. दुपारी चारच्या सुमारास पहिला दणका, अर्ध्या तासाने दुसरा. जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि त्यांच्याबरोबर कापसाच्या गाठी. पेटलेला कापूस आकाशातून मांडवीवर पडू लागला. शेकडो माणसे गेली, वखारी कित्येक दिवस जळत होत्या. आमच्या चाळीच्या काचा फुटल्या, कौले उडाली. खोजांची आणि हमालांची पोरे ओली गोणपाटे घेऊन छपरावर चढली होती, म्हणून चाळ वाचली. आत्याआजी खाली उतरल्या त्या बिनखमिराच्या भाकरी फडक्यात बांधून. सणाच्या दिवशी बरोबर पैसे घ्यायचे नाहीत, आणि शेजाऱ्यांच्या घरचे अजून एक दिवस चालायचे नाही. दुसरे काय घेणार? तशाच त्या आग्रीपाड्यापर्यंत चालत आल्या. "मिसरातून निघाल्यासारखी निघाले," असे सांगताना त्यांना हसू येई. आठ दिवसांनी त्या परत मांडवीत गेल्या.

१९६५ साली आम्ही इकडे निघालो तेव्हा त्याही आमच्याबरोबर आल्या. खोलीच्या पागडीतून सामानाच्या पेट्यांचा खर्च निघाला. मालकाच्या मेहताजीला त्यांनी किल्ली दिली, पावत्यांचा डबा मात्र दिला नाही. या पावत्या आता कशाला, असे तो म्हणाला. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

आता आजची गोष्ट. मसाल्याचा आणि धान्याचा पुष्कळसा घाऊक व्यापार वाशीला गेला, तरी मांडवीत हातगाड्यांतून वाट काढावीच लागते. जुन्या वस्तीत राहणे हे चित्रात दिसते तसे नसते. भाडेनियंत्रणामुळे भाडी पिढ्यान्पिढ्या गोठलेली, म्हणून मालक दुरुस्ती करीत नाही. खोली सोडली तर परत मिळणार नाही, म्हणून भाडेकरू हलत नाही. २०१९ च्या जुलैमध्ये डोंगरीत अशीच एक इमारत कोसळून डझनाहून अधिक माणसे दगावली. भेंडी बाजारात बोहरा समाजाच्या न्यासाने साडेसोळा एकरांचा भाग पाडून नव्याने बांधण्याचे काम हाती घेतले आहे. तेथे आता मनोरे उभे राहत आहेत. आपल्याकडे याफोजवळचे नेवे त्सेदेक पाहा. १८८७ ची वस्ती, मध्यंतरी पडीक झाली होती. आज तिची घरे इतकी देखणी केली आहेत की या सभागृहातील एकालाही तेथे एक खोली परवडणार नाही. यांपैकी कोणता मार्ग बरा, हे ज्यांना त्या दादरांवरून रोज पाणी चढवावे लागते त्यांनीच ठरवावे. येथे बसून आपण त्या चाळी तशाच राहाव्यात असे म्हणणे मला शोभत नाही.

मशिदीचा प्रश्न निराळा आहे. आपल्यातील काही जण, आणि ती समंजस माणसे आहेत, विचारतात की मांडवीत आपले कोणी उरले नाही, मिन्यान जमविणे कठीण, मग ती वास्तू कुणासाठी ठेवायची? मी त्यांना तारखांची ती ओळ दाखवितो. आजूबाजूस आपली घरे आहेत म्हणून मशीद चालली, असा काळ शंभर वर्षांचा. त्यापुढची सव्वाशे वर्षे ती दुरून येणाऱ्यांवर चालली आहे. आधी आग्रीपाड्याहून पायी येणाऱ्यांवर, मग ठाण्याहून गाडीने येणाऱ्यांवर. मोहल्ला रिकामा झाला म्हणून ती बंद व्हायची असती तर माझ्या वडिलांच्या जन्माआधीच बंद झाली असती. मिन्यानची अडचण खरी आहे, पैशाचीही खरी आहे. पण "आता तेथे कोणी राहत नाही" हे कारण आज उद्भवलेले नाही. केहिमकरांनी आपला इतिहास १८९७ साली, प्लेगच्या ऐन धामधुमीत, लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ साली, आणि तोही तेल अवीवमध्ये. मांडवीचे काम मांडवीबाहेरच्यांनी करण्याची रीत जुनी आहे.

नातवाचे सांगायचे राहिले. मशिदीचे दार बंद होते. किल्ल्या सांभाळणारे गृहस्थ समोरच्या दुकानातून आले. ते आपल्यातले नव्हते. त्यांनी याचा पासपोर्ट पाहिला, चेहरा पाहिला आणि मराठीत विचारले, "तुम्ही कोणते कर?" याला मराठी समजत नाही. पण 'कर' एवढा शब्द त्याला कळला आणि त्याने आडनाव सांगितले. त्या गृहस्थांनी दार उघडले, दिवे लावले आणि त्याला आत एकटे सोडले.

मी त्याला सांगितले होते, की तेवाच्या डाव्या अंगाला, दारापासून तिसरी. त्याने छायाचित्र पाठविले. आता हंडीत विजेचा दिवा आहे. खाली त्याने इब्रीत लिहिले होते: "सबा, दार दोन बाजूंना आहे. कोणत्या दारापासून?"

मला आठवेना. आपल्यापैकी जे त्या मशिदीत जात होते त्यांनी कार्यक्रम संपल्यावर कृपया मला भेटावे.